पार्कलेनच्या दोन खेपा

सिकंदराबादच्या पार्कलेनला चेनॉय ट्रेड सेंटर नावाची इमारत आहे, पण आपल्या हैदराबादेत तिला पूर्ण नावानं कुणी ओळखत नाही. सगळे सीटीसी म्हणतात. कॉम्प्युटर घ्यायचा असो, दुरुस्त करायचा असो की जुना विकायचा असो, सीटीसीला जायचं. मी तिथे पहिल्यांदा गेलो ते २००३ साली, आठवीत असताना, बाबांबरोबर. वहीच्या पानावर सुट्या भागांची यादी लिहून बाबा दुकानामागून दुकान पालथं घालत होते आणि प्रत्येक दुकानदार त्याच यादीवर वेगळा आकडा लिहून देत होता. संध्याकाळी ऑटोत बाबांच्या मांडीवर डबा आणि माझ्या मांडीवर मॉनिटर अशी आमची वरात बडी चावडीला पोचली होती.

त्यानंतर मी बी. ई. झालो, सॉफ्टवेअरमध्ये लागलो, कोंडापूरला राहायला गेलो आणि सीटीसीचा रस्ता विसरलो. लागेल ते घरपोच यायला लागलं. यंदा मात्र एका आठवड्यात दोनदा जावं लागलं. पहिली खेप हौसेची, दुसरी जीव मुठीत धरून.

२०२० च्या ऑगस्टमध्ये, लॉकडाउनच्या काळात, मी एक तयार गेमिंग डेस्कटॉप मागवला होता. एका बाजूला काच, आत रंग बदलणारे पंखे. आई त्याला गणपतीचं मखर म्हणते. दिवसा त्याच्यावर ऑफिसचं काम, रात्री खेळ. लग्नानंतर कोंडापूरच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती म्हणून ते मखर बडी चावडीलाच राहिलं आणि बाबांनी ते ताब्यात घेतलं.

बाबा निवृत्त झाल्यापासून एक काम करताहेत. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा भागातल्या जुन्या मराठी माणसांकडे जायचं, समोर फोन उभा करायचा आणि त्यांना बोलतं करायचं. कोण निजामाच्या रेल्वेत होतं, कोण विवेकवर्धिनीत शिकवत होतं, कुणाचे आजोबा कुठून आणि कशासाठी इकडे आले. एक नव्वदीच्या आजी सांगतात की १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शनचे पाच दिवस घराला आतून कड्या घालून सगळे एका खोलीत बसले होते आणि त्यांची आई चूल पेटवायलाही घाबरत होती, धूर दिसेल म्हणून. अशी चौदा माणसं झाली, सव्वीस तासांचं चित्रीकरण झालं. चौदांपैकी तिघं आता नाहीत. त्या आजीही गेल्या.

हे कापून, जोडून, नावं घालून नीट करायचं बाबा व्हिडिओ बघून बघून शिकले. पण मशीन दमायला लागलं होतं. त्यात रायझन ३ ३१०० हा चार कोअरचा प्रोसेसर होता. खेळायला पुरायचा, फोनवरचं ४के चित्रीकरण मात्र टाइमलाइनवर टाकलं की चित्र अडखळायचं, आवाज पुढे आणि ओठ मागे. वीस मिनिटांचा भाग तयार व्हायला लावून बाबा मंडईत जाऊन यायचे, तरी तो अर्ध्यावरच असायचा.

मी कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, या मॉडेलमध्ये प्रोसेसर बदलता येत नाही, नवीन मॉडेल बघा." मी ते खरं मानलं. डब्याच्या मागच्या स्क्रूवर कंपनीचं स्टिकर होतं, 'काढल्यास वॉरंटी रद्द' असं लिहिलेलं. वॉरंटी २०२३ मध्येच संपली होती, पण ते स्टिकर फाडायचं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. बाबा म्हणाले, "अरे, आत तेच असणार ना जे आपण तेव्हा सुटं सुटं घेतलं होतं?" आणि त्यांनी नखानं ते स्टिकर काढलं.

आत तेच होतं. बोर्ड बाजारात सुटा मिळतो तोच, बी४५० चिपसेटचा. एएमडीनं २०१७ पासून रायझनसाठी एएम४ नावाचं एकच सॉकेट वर्षानुवर्षं चालू ठेवलं. त्यामुळे त्या जुन्या बोर्डावर २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० बसतो. चारऐवजी सहा कोअर, एल-थ्री कॅश १६ ऐवजी ३२ एमबी, आणि ठरलेला वॅटेज तोच, ६५. म्हणजे पॉवर सप्लाय तोच, रॅम तीच, पंखाही तोच चालेल. याच्या पुढचं एएम५ घ्यायचं म्हटलं तर बोर्डही नवा आणि रॅमही नवी. नव्या मशीनला साठ-सत्तर हजार लागले असते; हा प्रोसेसर दहा हजारांच्या आत मिळणार होता. ऑनलाइन मागवूया म्हटलं तर बाबांनी मान हलवली. "सीटीसीला जाऊ."

शनिवारी सुलतान बाजारातून मेट्रो धरली. बाजारातून मेट्रो नको म्हणून इथल्या व्यापाऱ्यांनी केवढं आंदोलन केलं होतं! आता स्टेशनात चढताना दुकानांच्या गच्च्या अगदी हाताशी येतात. परेड ग्राउंडला हिरवी लाइन सोडून निळी धरायची, की पुढचंच स्टेशन पॅराडाइज. तिथून पार्कलेन पायी. महात्मा गांधी रोडला बाबा अजून जेम्स स्ट्रीटच म्हणतात.

सीटीसी बदललेलं नव्हतं, निदान मला तरी वाटलं नाही. जिन्यावर तसेच रिकामे खोके, भिंतींवरून लोंबणाऱ्या वायरी, गल्ल्यांत लॅपटॉप उघडे टाकून बसलेली पोरं. काउंटरच्या काचेखाली रॅमच्या पट्ट्या अशा मांडलेल्या की सोनाराच्या दुकानात अंगठ्या. तेलुगू, उर्दू, हिंदी एकात एक मिसळलेली. "क्या होना अंकल?" हे 'होना' म्हणजे 'हवं'. आपलं हैदराबादी कानाला पडलं की मला घरी आल्यासारखं होतं. त्यातला 'नक्को' आपला, 'ऐसाइच'मधला 'च' आपला, आणि 'हल्लू' म्हणजे तर आपलं 'हळू'च.

चार दुकानं झाली. चौथ्या दुकानातला चष्मेवाला मुलगा कमी बोलणारा होता. त्यानं आधी बोर्ड कुठला ते विचारलं, मी फोटो दाखवला. तो म्हणाला, "बैठता. पन पैले बायोस अपडेट करना, पुराना प्रोसेसर लगा हुआ रहतेच. बाद में ये डालना." बाबांनी ते पावतीच्या मागे लिहून घेतलं. मी "हौ हौ" म्हणालो. बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाला बायोस म्हणजे काय हे कुणी सांगायची गरज नव्हती.

रविवारी सकाळी मी बडी चावडीला जेवणाच्या टेबलावर मशीन उघडलं. बाबा म्हणाले, "ते पावतीवरचं?" मी म्हणालो, "बघतो, आधी बसतोय का ते तरी बघू." का असं म्हणालो, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. ऑफिसात ज्युनिअर पोरानं असं केलं असतं तर मी त्याला तासभर व्याख्यान दिलं असतं.

कूलरचे चार स्क्रू काढले आणि कूलर सरळ वर ओढला. हलेना. जरा जोर लावला, आणि कट् असा आवाज होऊन कूलर हातात आला, खाली चिकटलेल्या प्रोसेसरसकट. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते, ती पाच वर्षांत वाळून सिमेंट झाली होती. खरी पद्धत अशी की मशीन आधी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करायचं, म्हणजे पेस्ट मऊ होते. मग कूलर डावी-उजवीकडे फिरवत सैल करायचा आणि मगच उचलायचा. एएम४ मध्ये पिना सॉकेटला नसतात, प्रोसेसरला असतात. १३३१ पिना, केसासारख्या. कोपऱ्यातल्या एका ओळीतल्या सात-आठ आडव्या झाल्या होत्या.

तरी मी घाबरलो नाही, कारण तो जुना होता. नवा काढला, कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला, तो अलगद बसला. पेस्ट लावली, कूलर कसला, बटण दाबलं. पंखे फिरले, मखर उजळलं, पडदा मात्र काळाच राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बोर्डातलं बायोस जुनं, त्याला हा नवा प्रोसेसर ठाऊकच नाही. बायोस नवं करायचं तर जुना प्रोसेसर हवा, आणि त्याच्या पिना मी वाकवून ठेवलेल्या.

बाबांनी शांतपणे विचारलं, "आतलं सगळं नीट आहे ना?"

मी म्हणालो, डिस्कला काही होत नाही. आणि तेव्हाच विचारलं, "तुम्ही दुसरीकडे कुठे ठेवलंय का हे?" बाबा म्हणाले, "कुठे ठेवणार? फोनमध्ये जागा होत नाही म्हणून तिथलं पुसतो." सव्वीस तास, एकाच डिस्कवर. दिवसभर मी लोकांच्या डेटाच्या तीन-तीन प्रती तीन ठिकाणी ठेवायची व्यवस्था करतो. त्याचाच पगार घेतो. बडी चावडीच्या या डब्याकडे मी पाच वर्षांत तसं कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी रजा टाकली. या वेळी मेट्रो नाही, ऑटो. मशीन बाबांच्या मांडीवर, जुना प्रोसेसर आईनं दिलेल्या स्टीलच्या डबीत कापसावर ठेवून माझ्या खिशात. हिमायतनगरवरून टँकबंडला लागलो, हुसेनसागरावर नेहमीचा वारा होता. बाबा सबंध रस्ता काही बोलले नाहीत. राणीगंजच्या सिग्नलला एवढंच म्हणाले, "त्या आजींच्या मुलानं परवा विचारलं होतं, कधी दाखवता म्हणून. वर्षश्राद्धाला देतो म्हणालोय."

चष्मेवाल्यानं डबी उघडून प्रोसेसर उजेडात तिरका धरला. "हल्लू निकालना था, साब." एवढंच. खणातून साधी ०.५ ची मेकॅनिकल पेन्सिल काढली, तिच्यातलं शिसं काढून टाकलं. तिच्या टोकाची बारीक नळी पिनेवर बरोबर चढते. एकेक पिन नळीत घ्यायची, किंचित उभी करायची, सोडायची, पुन्हा उजेडात बघायची. एका झटक्यात सरळ करायला गेलं तर तुटते, आणि तुटली की संपलं. पाऊण तास तो त्या आठ पिनांशी बसला. मध्ये गिऱ्हाइकं आली, त्यानं मान वर केली नाही. मी उभा राहून बघत होतो. बाबांना बसायला त्यानं आधीच स्टूल दिलं होतं.

प्रोसेसर स्वतःच्या वजनानं सॉकेटमध्ये उतरला. पडद्यावर अक्षरं आली. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पडद्याकडेच बघत राहिले.

त्यानं मशीन यूपीएसवर लावलं, बोर्डच्या नंबराचं नवं बायोस पेनड्राइव्हवरून चढवायला घेतलं. मध्ये वीज गेली तर बोर्ड निकामी होतो, म्हणून यूपीएस. तेवढ्यात खालून इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं आली. बायोस चढलं. नवा प्रोसेसर बसवला. आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक निरोप आला: नवा प्रोसेसर बसवला आहे, टीपीएमची नोंद बदलली आहे, नवी करायची असेल तर वाय दाबा, पण बिटलॉकर असेल तर चावीशिवाय मशीन सुरू होणार नाही.

चष्मेवाल्याचं बोट वायवर गेलेलं होतं. ते थांबलं. "बिटलॉकर है क्या?"

होतं. मीच लावलं होतं, २०२० मध्ये, ऑफिसचं काम घरून करायचं म्हणून. बिटलॉकर सगळी डिस्क कुलूपबंद करतं आणि कुलपाची किल्ली टीपीएमकडे ठेवतं. या मशीनमध्ये ते टीपीएम प्रोसेसरशी बांधलेलं. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी उपयोग नाही, त्याचसाठी तर ते असतं. बायोस चढवण्याआधी विंडोजमध्ये जाऊन दोन क्लिकमध्ये ते तात्पुरतं थांबवता येतं. ते लक्षात ठेवायचं काम दुकानदाराचं नव्हतं, माझं होतं. आता खात्रीनं वाचवणार ती ४८ आकड्यांची रिकव्हरी की. फोनवरून माझं मायक्रोसॉफ्ट खातं उघडलं. तिथे काही नव्हतं.

मी बाबांना सांगितलं. सांगताना बिस्किटाचा घास तोंडातच फिरत होता. बाबांनी विचारलं, "४८ आकड्यांचं म्हणजे कागदावर छापलेलं का? तू दिला होतास तेव्हा. नीट ठेवा म्हणाला होतास."

मला अजूनही आठवत नाही.

बाबांनी आईला फोन लावला. "कपाटात निळी फाइल आहे बघ. एलआयसीच्या मागे." फोन स्पीकरवर. कपाटाचं दार, पिशव्यांची सळसळ, "इथे लाइटबिलं आहेत", "त्याच्या खाली बघ". मग आई म्हणाली, "आकडेच आकडे लिहिलेत, हाच का?"

चष्मेवाल्यानं वाय दाबलं. निळा पडदा आला, आठ रकाने, प्रत्येकात सहा आकडे. आई जोडीजोडीनं वाचायला लागली, पाढे म्हणावेत तशी. बाबा तिचं मराठी ऐकून मुलाला उर्दूत सांगत होते, तो टाइप करत होता. दोन रकाने झाले. तिसऱ्याला आई म्हणाली, "बेचाळीस, एकोणऐंशी, तेहतीस." बाबा म्हणाले, "बयालिस, नवासी, तैंतीस." रकाना घेईना. या किल्लीची एक गंमत आहे: प्रत्येक सहा आकडी रकान्याला ११ नं पूर्ण भाग जातो. त्यामुळे एखादा आकडा चुकला तर ते तिथल्या तिथे कळतं, शेवटपर्यंत थांबावं लागत नाही. पण ते मला घरी आल्यावर आठवलं. त्या क्षणी वाटलं, कागद दुसऱ्याच कशाचा तरी आहे.

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले.

"एकोणऐंशी," आई जरा वैतागून म्हणाली, "एक कमी ऐंशी!"

"उन्यासी बोल रहे अम्मा," चष्मेवाला म्हणाला. "आप नवासी बोले, अंकल." आणि त्यानं ८ चा ७ केला.

रकाना घेतला गेला. पुढचे पाच रकाने बाबांनी भाषांतर केलंच नाही. आई मराठीत वाचत होती आणि तो सरळ टाइप करत होता. "सत्तावन्न," आई. सत्तावन्न उमटत होतं. आठवा रकाना भरला, एंटर. विंडोजचा गोल फिरायला लागला आणि बाबांच्या डेस्कटॉपवरचा काचीगुडा स्टेशनच्या घुमटांचा फोटो आला. बाबांनी पहिलं काय उघडलं असेल, तर आजींची फाइल. दुकानाच्या गोंगाटात त्यांचा आवाज ऐकू येत नव्हता, पण त्या बोलत होत्या, आणि चित्र अडखळत नव्हतं.

मी तिथूनच दोन टीबीच्या दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या. एक बडी चावडीला राहील, एक माझ्याकडे कोंडापूरला. पिना सरळ करण्याचे किती, असं विचारल्यावर मुलानं फक्त बायोसचे पैसे सांगितले. मी जास्त द्यायला लागलो तर "नक्को साब" म्हणाला. मशीन बांधताना बाबांनी त्याला विचारलं, "मराठी किधर सीखे?"

"नानी नांदेड की है," तो म्हणाला. "छुट्टियों में उदरीच रहता था." आजी अजून नांदेडलाच असते, वय पंच्याऐंशीच्या पुढे, कान शाबूत, बोलायला लागली की थांबत नाही, असंही त्यानं सांगितलं. बाबांनी खिशातून त्याच दुकानाची शनिवारची पावती काढली, तिच्या मागे बायोसचं लिहिलं होतं त्याच्या खाली नांदेडचा पत्ता लिहून घेतला.

आजींचा भाग वर्षश्राद्धाच्या आठ दिवस आधी तयार झाला. काचीगुड्याहून नांदेडची तिकिटं पुढच्या महिन्याची मिळाली आहेत, बाबांचं आणि माझं.